एकदाच घडणाऱ्या क्षणाची नोंद : डिजिटल ऑसिलोस्कोपचा इतिहास

ऑसिलोस्कोप हे विद्युत सिग्नलचा आलेख डोळ्यांपुढे मांडणारे उपकरण आहे. आलेखाचा आडवा अक्ष वेळेचा आणि उभा अक्ष व्होल्टेजचा असतो. मल्टिमीटर व्होल्टेज किती आहे एवढे सांगतो; ते क्षणोक्षणी कसे बदलत जाते हे पाहण्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. रेडिओ, रडार, दूरचित्रवाणी आणि संगणक या सगळ्यांच्या जडणघडणीत तो अभियंत्यांच्या हाताशी होता. मात्र जवळजवळ पाऊण शतक या उपकरणात एक मोठी उणीव राहिली. पुन्हा पुन्हा त्याच रूपात येणारा सिग्नल ते उत्तम दाखवी. एकदाच येऊन गेलेला सिग्नल पडद्यावर क्षणभर चमकून नाहीसा होई. ही उणीव भरून काढण्याच्या खटपटीतून डिजिटल ऑसिलोस्कोप जन्मला. सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करायचे आणि ते आकडे साठवायचे, ही कल्पना ऐकायला सोपी आहे. ती प्रत्यक्षात उतरून जुन्या उपकरणाची जागा घेईपर्यंत साधारण १९७० ते २००० अशी तीन दशके गेली.

किरण आणि पडदा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बदलत्या विद्युतप्रवाहाची नोंद घेण्यासाठी आंदोलनलेखक वापरले जात. फ्रान्समध्ये आंद्रे ब्लाँडेल यांनी १८९३ मध्ये केलेल्या अशा उपकरणात प्रवाहाबरोबर एक हलता भाग डोलत असे आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशकिरण त्या हालचालीचा माग काढी. हलत्या भागाला वस्तुमान असल्यामुळे वेगवान बदलांशी त्याला जुळवून घेता येत नसे. १८९७ मध्ये स्ट्रासबर्ग येथे फर्डिनांड ब्राउन यांनी कॅथोड किरण नलिका तयार केली आणि हा अडसर दूर झाला. निर्वात नळीतला इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकीय क्षेत्राने वळे आणि पडद्यावर उजेडाचा ठिपका हले. या झोताचे जडत्व नगण्य होते. ब्राउन यांचे सहकारी योनाथन झेनेक यांनी १८९९ मध्ये झोत आडव्या दिशेने एकसारख्या गतीने सरकवण्याची सोय केली आणि पडद्यालाच वेळेचा अक्ष मिळाला.

या नव्या साधनाची ताकद आणि मर्यादा दोन्ही शरीरक्रियाविज्ञानात लवकर दिसल्या. अमेरिकेतील सेंट लुइस येथे जोसेफ अर्लँगर आणि हर्बर्ट गॅसर यांनी १९२२ मध्ये मज्जातंतूतून जाणारा विद्युतस्पंद कॅथोड किरण नलिकेवर पाहिला. एका स्पंदाची रेषा इतकी फिकट होती की ती छायाचित्रात उमटत नसे. म्हणून त्याच मज्जातंतूला पुन्हा पुन्हा उद्दीपित करून अनेक रेषा एकमेकींवर चढवाव्या लागल्या. या संशोधनासाठी दोघांना १९४४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सिग्नलची पुनरावृत्ती करता येत होती, म्हणूनच हा प्रयोग साधला.

दुसऱ्या महायुद्धात रडारमुळे वेगवान स्पंदांचे मापन निकडीचे झाले. या कामाचा अनुभव घेऊन परतलेले हॉवर्ड व्होलम आणि त्यांचे भागीदार जॅक मर्डॉक यांनी १९४६ मध्ये ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी काढली. १९४७ मध्ये आलेल्या तिच्या ५११ या ऑसिलोस्कोपची बँडविड्थ, म्हणजे नीट दाखवता येणाऱ्या वारंवारतांची वरची मर्यादा, १० मेगाहर्ट्झ आणि किंमत ७९५ डॉलर होती. त्यापूर्वीच्या बहुतेक उपकरणांत झोत सतत डावीकडून उजवीकडे धावत राही आणि चित्र स्थिर करण्यासाठी बटणे फिरवत बसावे लागे. ५११ मध्ये सिग्नलने ठराविक पातळी ओलांडली की झोत निघे. या ट्रिगर पद्धतीमुळे प्रत्येक फेरी सिग्नलच्या त्याच बिंदूपासून सुरू होऊ लागली. दोन्ही अक्षांना मोजपट्टी होती, त्यामुळे पडद्यावरून थेट मापे घेता येऊ लागली. पुढची पंचवीस वर्षे ऑसिलोस्कोपची प्रगती याच पायावर झाली.

क्षण पकडण्याचे आधीचे उपाय

एकदाच घडणाऱ्या घटना मात्र थांबत नव्हत्या. वीज कोसळताना वाहिनीवर उसळणारे व्होल्टेज, फ्यूज उडतानाचा प्रवाह, कणभौतिकीच्या प्रयोगातील एखादी टक्कर, स्फोटाचा पहिला मायक्रोसेकंद, यांपैकी कशाचीही हुबेहूब पुनरावृत्ती करता येत नाही. सर्वांत सोपा उपाय छायाचित्राचा होता. पडद्यासमोर कॅमेरा बसवायचा, झडप उघडी ठेवायची आणि घटनेची वाट पाहायची. पोलरॉइड फिल्म आल्यावर चित्र लगेच हाती येऊ लागले. पण ट्रिगरची पातळी किंचित चुकली तर फिल्म कोरी राही आणि घटना हातची जाई.

दुसरा उपाय साठवण नलिकेचा होता. टेक्ट्रॉनिक्समध्ये रॉबर्ट अँडरसन यांनी विकसित केलेल्या नलिकेत झोत जिथून गेला तिथला विद्युतभार पडद्यावर टिकून राही आणि रेषा पुष्कळ वेळ उजळलेली दिसे. ही नलिका १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात बाजारात आली. तिच्यावर लिहिण्याचा वेग मर्यादित होता आणि टिकलेली रेषा पाहण्यापुरतीच होती. तिचे गणित करायचे तर पडद्यावरच्या चौकटी मोजूनच करावे लागे.

तिसरा उपाय अतिवेगवान सिग्नलांसाठी होता. १९६० च्या सुमारास सॅम्पलिंग ऑसिलोस्कोप प्रचारात आले. सिग्नलच्या प्रत्येक आवर्तनातून एकच बिंदू घ्यायचा, पुढच्या आवर्तनात थोडा पुढचा बिंदू घ्यायचा आणि अशा हजारो आवर्तनांतून एक चित्र विणायचे, ही त्यांची रीत होती. तिने शेकडो मेगाहर्ट्झचे सिग्नल दिसू लागले, पण सिग्नलची पुनरावृत्ती ही तिची अट होती. एकदाच येणाऱ्या स्पंदापुढे ती निरुपयोगी होती.

या मर्यादांची सर्वांत मोठी किंमत अणुचाचण्यांत मोजावी लागे. अणुचाचण्यांवर मर्यादा घालणाऱ्या १९६३ च्या करारानंतर अमेरिकेच्या चाचण्या भूगर्भात होऊ लागल्या. स्फोटाजवळचे संवेदक त्याच क्षणी नष्ट होत. त्याआधी केबलमधून वर आलेला सिग्नल हीच काय ती माहिती. ती नोंदवण्यासाठी ऑसिलोस्कोप आणि कॅमेरे यांच्या रांगा उभ्या केल्या जात. एकदाच येणाऱ्या सिग्नलची भरवशाची नोंद हवी, ही मागणी प्रामुख्याने अशा चाचण्यांतून आणि कणभौतिकीच्या प्रयोगशाळांतून आली.

आकड्यांचा मार्ग

या मागणीला उत्तर देणारा सिद्धांत आधीच तयार होता. १९२८ मध्ये बेल सिस्टिममधील हॅरी नायक्विस्ट यांनी तारायंत्राच्या संदर्भात आणि १९४९ मध्ये क्लॉड शॅनन यांनी अधिक व्यापकपणे दाखवले होते की सिग्नलमधील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले तर त्या नमुन्यांतून मूळ सिग्नल पुन्हा उभा करता येतो. नमुन्यांच्या मधल्या जागेत काही हरवत नाही. डिजिटल ऑसिलोस्कोपचा सगळा व्यवहार या प्रमेयावर उभा आहे.

अडचण यंत्रांची होती. नमुन्याचे आकड्यात रूपांतर करणारे यंत्र म्हणजे अॅनालॉग टू डिजिटल कन्व्हर्टर. १९५४ मध्ये बर्नार्ड गॉर्डन यांनी एप्स्को कंपनीत केलेला डॅट्रॅक हा अशा पहिल्या व्यावसायिक कन्व्हर्टरांपैकी एक होता. तो सेकंदाला ५०,००० नमुने घेई आणि प्रत्येक नमुना ११ बिटांत मांडी. त्यात निर्वात नलिका होत्या, त्याला ५०० वॅट वीज लागे आणि त्याचे वजन १५० पौंड होते. आवाजाच्या वारंवारतेसाठी हा वेग पुरेसा होता, रडारच्या स्पंदासाठी नव्हता. शिवाय नमुने साठवायला तेवढीच वेगवान स्मृती हवी होती. चुंबकीय कड्यांची स्मृती महाग आणि संथ होती. ट्रान्झिस्टर, एकात्मिक मंडले आणि १९७० च्या सुमारास आलेल्या अर्धवाहक स्मृतिचिप यांनी दोन्ही अडथळे एकाच वेळी ठिसूळ केले.

पहिली डिजिटल उपकरणे

न्यूयॉर्क राज्यात वॉल्टर लिक्रॉय यांनी १९६४ मध्ये कणभौतिकीच्या प्रयोगांसाठी उपकरणे बनवणारी कंपनी स्थापन केली होती. जिनिव्हाजवळची सर्न ही प्रयोगशाळा तिच्या ग्राहकांत होती. १९७१ मध्ये लिक्रॉयने डब्ल्यूडी २००० हे तरंगनोंदक उपकरण आणले. ते एक नॅनोसेकंदाच्या अंतराने नमुने घेई, म्हणजे सेकंदाला एक अब्ज नमुन्यांचा वेग. तो तेव्हा थक्क करणारा होता, पण नमुने अवघे २० साठत. एकूण नोंद २० नॅनोसेकंदांची. कणसंवेदकातून निघालेल्या छोट्या स्पंदाला तेवढी पुरत असे.

विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथील निकोलेट कंपनी दुसऱ्या टोकाने निघाली. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात तिने आणलेल्या डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोपचा वेग सेकंदाला सुमारे दहा लाख नमुने एवढाच होता, पण प्रत्येक नमुना १२ बिटांचा, म्हणजे ४,०९६ पायऱ्यांचा होता. यंत्रांची कंपने आणि वैद्यकीय संकेत संथ असतात, त्यांत सूक्ष्मता महत्त्वाची असते. तिथे हे उपकरण रुजले. वेग आणि सूक्ष्मता एकाच वेळी मिळत नाहीत, ही या क्षेत्रातील मूळ ओढाताण या दोन उपकरणांतच दिसते.

टेक्ट्रॉनिक्सने १९७३ मध्ये आर७९१२ या उपकरणात मधला मार्ग शोधला. सिग्नल आधी इलेक्ट्रॉनांच्या झोताने सिलिकॉन डायोडांच्या बारीक जाळीवर लिहायचा आणि मग दुसऱ्या झोताने दुसऱ्या बाजूने सावकाश वाचून आकड्यांत उतरवायचा. लिहिण्याचा वेग नलिकेचा आणि वाचण्याचा वेग संगणकाला झेपेल असा. अतिवेगवान एकल स्पंदांच्या संशोधनात हे उपकरण बराच काळ कामी आले.

डिजिटल साठवणीने एक अशी सोय दिली जी नलिकेला कधीच पुरेशी देता आली नव्हती. जुन्या ऑसिलोस्कोपमध्ये ट्रिगर झाल्यावर झोत निघे, म्हणून ट्रिगरच्या आधी काय घडले ते दिसत नसे. सिग्नल विलंबवाहिनीतून फिरवून आणला तर काही नॅनोसेकंद मागचे दिसे, एवढेच. डिजिटल उपकरणात कन्व्हर्टर अखंड चालू असतो. नवे नमुने वर्तुळाकार स्मृतीत जुन्यांवर लिहिले जात असतात. ट्रिगर हा तिथे नोंद सुरू करण्याचा हुकूम राहत नाही. नोंद केव्हा थांबवायची ते तो ठरवतो. त्यामुळे फ्यूज का उडाला, संगणक कोणत्या चुकीच्या स्पंदामुळे अडला, याचे कारण त्या घटनेच्या आधीच्या नमुन्यांत शोधता येऊ लागले. दोषाचे कारण दोषाच्या आधी असते, म्हणून दुरुस्ती आणि संशोधन दोन्हींसाठी हा बदल सर्वांत मोलाचा ठरला.

अविश्वासाची दोन दशके

तरीही १९८० च्या दशकात बहुतेक अभियंते अॅनालॉग, म्हणजे सिग्नल थेट नलिकेवर दाखवणाऱ्या जुन्या ऑसिलोस्कोपलाच चिकटून होते आणि त्यामागे ठोस कारणे होती. पहिले कारण वेगाचे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस टीआरडब्ल्यू कंपनीने ८ बिटांचा आणि सेकंदाला सुमारे ३ कोटी नमुने घेणारा फ्लॅश कन्व्हर्टर एका चिपवर आणला. त्यात २५५ तुलनामंडले एकाच वेळी सिग्नलची पातळी तपासत. याच काळातील, १९८० च्या टेक्ट्रॉनिक्स ४६८ मध्ये दोन्ही पद्धती एकत्र होत्या. अॅनालॉग पद्धतीने ते १०० मेगाहर्ट्झपर्यंतचे सिग्नल दाखवी. डिजिटल पद्धतीने ते सेकंदाला अडीच कोटी नमुने घेई आणि एकल सिग्नलसाठी १० मेगाहर्ट्झपर्यंतच भरवशाचे होते. एकाच उपकरणात दोन्हींतले अंतर दहापट होते.

दुसरे कारण फसवणुकीचे. नमुने पुरेशा वेगाने घेतले नाहीत तर नायक्विस्टची अट मोडते आणि वेगवान सिग्नल संथ सिग्नलच्या रूपात दिसतो. चित्रपटात गाडीचे चाक उलटे फिरताना दिसते तसा हा प्रकार. पडद्यावरची रेषा स्वच्छ आणि स्थिर असे, पण खोटी असे. अॅनालॉग ऑसिलोस्कोप कमी पडला की चित्र धूसर होई आणि धोका लगेच लक्षात येई. डिजिटल उपकरण चुकीचे चित्रही तितक्याच ठामपणे दाखवी. या दोषावर स्मृती वाढवणे हा मुख्य इलाज होता, कारण लांब कालावधी थोड्याच नमुन्यांत बसवायचा झाला की उपकरणाला वेग कमी करावा लागतो. लिक्रॉयने १९८५ मध्ये आणलेल्या १२५ मेगाहर्ट्झच्या ९४०० या ऑसिलोस्कोपमध्ये म्हणूनच ३२,००० नमुन्यांची स्मृती होती. तेव्हा अनेक उपकरणांत हजार-दोन हजार नमुन्यांचीच जागा असे.

तिसरे कारण आंधळ्या वेळेचे. नमुने साठवून झाले की प्रोसेसर त्यांवर काम करून चित्र काढी आणि तोवर उपकरण सिग्नलकडे पाहत नसे. समजा, सेकंदाला एक अब्ज नमुने घेणारे उपकरण हजार नमुन्यांची नोंद करते. ती नोंद एका मायक्रोसेकंदाची झाली. अशी ५० चित्रे सेकंदाला काढली तर प्रत्येक सेकंदातले ५० मायक्रोसेकंद पाहिले जातात, म्हणजे ०.००५ टक्के. कधीतरीच येणारा चुकार स्पंद उरलेल्या काळात आला तर तो निसटतो. अॅनालॉग उपकरणात झोत सेकंदाला लक्षावधी वेळा फिरे आणि वारंवार येणारा भाग उजळ, क्वचित येणारा भाग फिकट दिसे. त्या उजेडाच्या छटांतून कुशल अभियंता सिग्नलचा स्वभाव ओळखत असे. डिजिटल चित्रात या छटा नव्हत्या.

चौथे कारण हाताचे. ह्यूलेट पॅकर्डने १९८० च्या दशकाच्या मध्यास ५४१०० ही पूर्ण डिजिटल मालिका आणली. पुनरावृत्त सिग्नलसाठी तिची बँडविड्थ १ गिगाहर्ट्झ होती, जरी प्रत्यक्ष नमुन्यांचा वेग सेकंदाला ४ कोटी होता. पण डझनभर बटणांच्या जागी पडद्यावरचे मेनू आणि एकच फिरते बटण होते. वर्षानुवर्षे प्रत्येक क्रियेसाठी वेगळे बटण फिरवण्याची सवय असलेल्यांना ती रचना जड गेली. हा धडा घेऊन कंपनीने १९९१ मध्ये ५४६०० मालिका काढली. तिच्यात नेहमीच्या जागी नेहमीची बटणे परत आली आणि बटण फिरवताच चित्र बदलावे म्हणून पडद्यासाठी खास मंडले बनवली गेली. आतून डिजिटल असलेले उपकरण हाताला अॅनालॉगसारखे वाटू लागले.

आंधळ्या वेळेवरचा उपायही खास चिपनेच झाला. १९९० च्या दशकाच्या मध्यास टेक्ट्रॉनिक्सने इन्स्टाव्ह्यू या तंत्राने सेकंदाला ४,००,००० नोंदी घेण्याची सोय केली. मुख्य प्रोसेसरला मध्ये न घेता नमुने थेट चित्रस्मृतीत रचले जाऊ लागले. दशकाच्या अखेरीस आलेल्या डिजिटल फॉस्फर ऑसिलोस्कोपांनी प्रत्येक बिंदूवरून सिग्नल किती वेळा गेला याची मोजदाद ठेवून उजेडाच्या छटाही परत आणल्या. अॅनालॉग उपकरणाची शेवटची ठळक सरशी तिथे संपली.

पाहण्यापासून विश्लेषणापर्यंत

किमतीचा अडसर १९९७ मध्ये टेक्ट्रॉनिक्सच्या टीडीएस २१० ने मोडला. ६० मेगाहर्ट्झची बँडविड्थ, सेकंदाला एक अब्ज नमुने आणि जड नलिकेऐवजी सपाट एलसीडी पडदा असे हे सुमारे दीड किलोचे उपकरण हजार डॉलरांच्या आसपास मिळू लागले. स्मृती २,५०० नमुन्यांचीच होती, पण शिक्षण आणि दुरुस्तीच्या कामाला ती पुरे. डब्ल्यूडी २००० ने २० नमुन्यांसाठी गाठलेला वेग पाव शतकात विद्यार्थ्याच्या मेजावर आला. २००० नंतर रिगोल आणि सिग्लंट या चिनी कंपन्यांनी किमती आणखी खाली आणल्या. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने यांच्या प्रयोगशाळांतही जुन्या सीआरओंच्या (कॅथोड किरण ऑसिलोस्कोप) शेजारी डीएसओ (डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोप) दिसू लागले.

सिग्नल आकड्यांत आल्यावर त्यावर गणित करता येऊ लागले, हा दुसरा मोठा बदल. १९६५ मध्ये जेम्स कूली आणि जॉन ट्यूकी यांनी मांडलेल्या जलद फूरिये रूपांतराने सिग्नलमधील वारंवारता वेगवेगळ्या काढता येतात. पूर्वी त्यासाठी स्वतंत्र वर्णपट विश्लेषक लागे. अनेक नोंदींची सरासरी काढून गोंगाट कमी करणे, उदयकाल आणि कंपविचलन आपोआप मोजणे, व्होल्टेज व प्रवाह यांचा गुणाकार करून शक्ती काढणे ही कामे एका बटणावर आली. १९९६ च्या ह्यूलेट पॅकर्ड ५४६४५डी मध्ये दोन अॅनालॉग वाहिन्यांबरोबर १६ डिजिटल वाहिन्या होत्या. मायक्रोप्रोसेसरच्या आज्ञा आणि त्यांमुळे प्रत्यक्ष तारेवर उमटणारे व्होल्टेज एकाच वेळपट्टीवर पाहता आले. पुढे आय-टू-सी, एसपीआय, कॅन यांसारख्या दळणवळण पद्धतींतील संदेश उलगडून दाखवण्याची सोयही रूढ झाली. आज मोटारीच्या नियंत्रकातील बिघाड शोधताना तंत्रज्ञ तरंगाच्या रेषेखालीच संदेशाचा मजकूर वाचतो.

वरच्या टोकाला वेगाची शर्यत चालूच राहिली. एका कन्व्हर्टरचा वेग अपुरा पडला की अनेक कन्व्हर्टर पाळीपाळीने नमुने घेतात आणि त्यांच्यातील सूक्ष्म तफावत गणिताने दुरुस्त केली जाते. ह्यूलेट पॅकर्डच्या मापन विभागाची वारस असलेल्या कीसाइट कंपनीने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या यूएक्सआर मालिकेत बँडविड्थ ११० गिगाहर्ट्झ, वेग सेकंदाला २५६ अब्ज नमुने आणि सूक्ष्मता १० बिट इतकी आहे. तिच्या पुढच्या टोकाची, म्हणजे सिग्नल आत घेणारी, मंडले इंडियम फॉस्फाइड या अर्धवाहकाची आहेत. प्रकाशतंतूंतून जाणाऱ्या संदेशांच्या संशोधनाला असा वेग लागतो.

तीन दशकांच्या या संक्रमणात ऑसिलोस्कोपचा प्रत्येक भाग डिजिटल झाला, असे मात्र नाही. प्रोब, क्षीणक आणि प्रवर्धक आजही अॅनालॉगच आहेत आणि नमुना घेण्याआधी सिग्नल त्यांतूनच जातो. तिथे आलेली विकृती पुढच्या कोणत्याही गणिताने पूर्णपणे पुसली जात नाही. म्हणून उत्तम डिजिटल ऑसिलोस्कोपच्या रचनेत या पुढच्या टोकावर सर्वाधिक कसब खर्च होते, आणि वापरणाऱ्यानेही नमुन्यांचा वेग, स्मृती आणि बँडविड्थ या तिन्हींचा मेळ पाहूनच पडद्यावरच्या रेषेवर विश्वास ठेवायचा असतो.